वीस रुपयांच्या डायनासोरचे पंख

माजी विद्यार्थ्यांची बैठक भरली की विद्यालयाला काय द्यावे याची चर्चा हमखास होते. कोणी संगणक सुचवितो, कोणी अभ्यासिकेसाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तके, कोणी पाणी शुद्ध करणारे यंत्र, कोणी सौरदिवे. या सर्व गोष्टी हव्याच आहेत आणि त्या देणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु आजवर अशा कोणत्याही यादीत 'खेळणी' हा शब्द माझ्या वाचनात आलेला नाही. क्रीडासाहित्य असते, व्हॉलीबॉल असतो, कॅरमबोर्ड असतो. मूल ज्याच्याशी एकटे बोलत बसते, ज्याला नाव देते, उशाशी घेऊन झोपते, ते खेळणे मात्र नसते. वसतिगृहात येणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत ताट, वाटी, पेला, दोन गणवेश, एक सतरंजी आणि खोबरेल तेलाची बाटली असते. खेळणे घरी धाकट्या भावंडासाठी राहते, किंवा मुळात नसतेच.

या लेखात मला एका चमत्कारिक वाटणाऱ्या वस्तूची बाजू मांडावयाची आहे. ती वस्तू म्हणजे टेबलावर मांडून खेळावयाच्या कथाखेळासाठी मुलांनी स्वस्त खेळण्यांपासून बनविलेला ड्रॅगन. माझे म्हणणे असे की हा ड्रॅगन विकत आणू नये, कोणी दान म्हणूनही देऊ नये. तो मुलांनी बाजारातल्या वीस रुपयांच्या डायनासोरपासून स्वतः करावा आणि त्यासाठी विद्यालयाने आठवड्यातला एक तास, एक टेबल आणि एक कपाट कायमचे राखून ठेवावे.

आधी खेळाविषयी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: डोंगर आहे, डोंगरात गुहा आहे, आत कोणीतरी श्वास घेत आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपण आता काय करणार ते सांगतात. ते जमले की फसले हे फासा ठरवितो. चौकटी आखलेल्या कागदावर सोंगट्या ठेवलेल्या असतात, त्यावरून कोण कोठे उभा आहे हे कळते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते. गोंधळाला किंवा जलशाला रात्रभर बसलेल्या माणसाला यात परके काही वाटू नये. फरक इतकाच की येथे श्रोता उठून गोष्टीत शिरतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापला गेला आणि आज तो जगभर खेळला जातो. त्याच्या तयार सोंगट्या परदेशातून येतात. पंख पसरलेला मोठा ड्रॅगन घ्यावयाचा तर काही हजार रुपये मोजावे लागतात. आपल्या मुलांचा या खेळाशी संबंध येथेच संपला, असे कोणासही वाटेल.

तो संपत नाही, कारण या खेळाचा जन्मच स्वस्त खेळण्यांतून झालेला आहे. गॅरी गायगॅक्स हा त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक. दुसरा डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी राहत असे. १९७० साली विमा कंपनीतली त्याची नोकरी गेली. घर मुलांनी भरलेले. पोटासाठी त्याने घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करण्याचे काम धरले आणि उरलेल्या वेळात तो खेळांचे नियम लिहीत राहिला. त्या काळी ड्रॅगनची सोंगटी बाजारात मिळत नसे. तेव्हा त्याने प्लॅस्टिकचा एक स्टेगोसॉरस घेतला, पाठीवर पात्यांची रांग असलेला तो डायनासोर, आणि त्याच्यावर कारागिरी करून त्याचाच ड्रॅगन केला. पुढे स्वस्त मालाच्या दुकानातून हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या जनावरांची एक पिशवी त्याच्या हाती लागली. नावाला ते प्रागैतिहासिक प्राणी, पण प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत असे. त्या ओबडधोबड खेळण्यांकडे पाहत त्याने घुबडाच्या तोंडाचे अस्वल कल्पिले, लोखंड गंजवून खाणारा प्राणी कल्पिला, जमिनीखालून माशासारखा पोहत येणारा राक्षस कल्पिला. आज हे प्राणी त्या खेळाच्या ओळखीच्या खुणा झाले आहेत आणि त्यांच्या सुबक मूर्ती महागड्या खोक्यांतून विकल्या जातात. खेळाच्या पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती काढल्या होत्या आणि त्यांची खोकी घरी बसून हातांनी भरलेली होती. आता हा खेळ हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीच्या मालकीचा आहे.

हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगतो. हाताच्या कामावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात आपले आजे-पणजे जगले. जोडे शिवणारा माणूस बसल्या जागी अख्खे जग कल्पितो आणि ते जग पुढे कोट्यवधी लोक डोक्यावर घेतात, ही गोष्ट ऐकताना मागच्या बाकावरची मुले सरसावून बसतात. मला हे फार मोलाचे वाटते.

स्वस्त सोंगट्या मांडून जग उभे करण्याची कला मराठी मुलांना शिकवावी लागत नाही. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो. आपल्या मराठवाड्यात त्याची चाल तितकी जुनी नसली तरी आता येथेही गल्लोगल्ली किल्ले दिसतात. दगड, विटा, पोती, वर चिखलाचे लिंपण, त्यावर अळीव पेरून काढलेले रान, आणि मग मातीचे, प्लास्टरचे वा प्लॅस्टिकचे मावळे. सिंहासनावरचे महाराज दरवाजाहून उंच, वाघ हत्तीएवढा, पायथ्याच्या शेतात गव्हल्या रंगाचा शेतकरी आणि त्याच्या शेजारी कोठून तरी आलेला प्लॅस्टिकचा जिराफ! मोठ्यांना ते विसंगत दिसते. मुलाच्या डोळ्यांना त्यात काही खटकत नाही, कारण प्रत्येक सोंगटी कोण आहे हे त्याने आधीच ठरविलेले असते.

आणि निरनिराळ्या जनावरांचे अवयव जोडून नवे जनावर करणे हे तर आपल्या परिसरातले फार जुने काम आहे. शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या वेरूळला रामेश्वराचे, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाचे लेणे पाहावे. तेथे गंगा मकरावर उभी आहे. मकर म्हणजे काही मगरीचे, काही हत्तीचे आणि बाकी शिल्पकाराच्या मर्जीचे असे जनावर. त्याच लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. कल्पित प्राणी आणि पटावरचा खेळ अशा दोन्ही गोष्टी एका छताखाली, आणि त्याही हजार वर्षांहून जुन्या! सहलीला गेलेल्या मुलांना कैलास लेणे दाखवून आपण घाईने गाडीत बसवितो, म्हणून हे सांगावेसे वाटले. तेर आणि पैठण येथे सातवाहनकाळातल्या मातीच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत. त्यांतल्या अनेक दोन अर्धुकांच्या साच्यात दाबून, आतून पोकळ अशा केलेल्या आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. एका साच्यातून अनेक मूर्ती काढून वस्तू स्वस्त करण्याची युक्ती या भूमीत दोन हजार वर्षे मुरलेली आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. जाफर गेटचा रविवारचा बाजार, छावणीचा गुरुवारचा बाजार किंवा नवरात्रातली कर्णपुऱ्याची यात्रा. कोठेही खेळण्यांच्या ढिगात डायनासोर, मगरी, पाली आणि रबरी साप मिळतात. निवड करताना हाताने दाबून पाहावे. कडक पोकळ प्लॅस्टिक कापण्यास आणि चिकटविण्यास सोपे. मऊ व्हिनाइलचे खेळणे गरम पाण्यात धरले की वाकते, हव्या त्या ढंगात वळवून लगेच गार पाण्यात बुडविले की तसेच राहते. सरळ उभा ढिम्म डायनासोर अशा रीतीने मान वळवून मागे पाहू लागतो. (गरम पाण्याचे काम शिक्षकांनीच करावे आणि प्लॅस्टिक ज्योतीवर कधीही धरू नये, त्याचा धूर विषारी असतो.) भिंतीला चिकटणाऱ्या लिबलिबीत पाली घेऊ नयेत, त्यांच्यावर कोणताच रंग ठरत नाही.

खेळणे प्रथम साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावे. कारखान्यात साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर अंगावर असतो आणि तो राहिला तर महिन्याभरात रंगाची साल निघते. मग पॉलिश पेपर फिरवावा. पंखांसाठी मोडक्या छत्रीइतके उत्तम साहित्य दुसरे नाही: काड्या हाडांसाठी, कापड पडद्यासाठी. फेविकॉलमध्ये भिजवून वाळविलेले छत्रीचे कापड वटवाघळाच्या पंखासारखे ताठ आणि सुरकुतलेले होते. पंख पाठीत बसविण्यासाठी गरम सुईने भोक पाडण्याचा मोह टाळून हाताने फिरवावयाचे बारीक गिरमिट वापरावे, तारेचे टोक आत खुपसावे आणि सांधा एम-सीलने भरावा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन मळले की काही वेळ ते मातीसारखे वळते. त्या अवधीत पेनच्या टोपणाने दाबून खवले उमटवावेत. एका मुलाने पाठीवर मोहरी चिकटविली. रंग दिल्यावर ती मोहरी आहे हे कोणास ओळखू आले नाही. शिंगांना बाभळीचे काटे. बैठकीला बाटलीचे झाकण किंवा निकामी सीडी, वर वाळू.

रंगाच्या बाबतीत दोन सूचना. ऑइल पेंट मऊ प्लॅस्टिकवर आठवडेच्या आठवडे चिकट राहतो, म्हणून ॲक्रिलिक वापरावा. तो नसेल तर पोस्टर कलरमध्ये थोडे फेविकॉल मिसळावे. आणि प्रथम सर्वांगाला काळा रंग द्यावा. तो वाळला की जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने वरवर फिकट रंग फिरवावा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचा काळ्या राहतात, आणि जे जनावर पाच मिनिटांपूर्वी हिरवे प्लॅस्टिक होते त्याला अंग येते. हा क्षण प्रत्येक वेळी टेबलाभोवतीचा गोंगाट थांबवितो. सगळा खर्च धरून असा ड्रॅगन शंभर रुपयांच्या आत बसतो, कारण एम-सील आणि रंग पाच-सहा जणांत वाटले जातात.

फासा वीस बाजूंचा लागतो. तो नसला तर वीस चिठ्ठ्या चालतात. मुलांनी चिंचोके फोडून आणले; पाच अर्धुके टाकावयाची आणि पांढऱ्या बाजू मोजावयाच्या. थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात आले की दोन आणि तीन सारखे पडतात, शून्य आणि पाच क्वचितच. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले तर बत्तीसपैकी वीस वेळा दोन किंवा तीन येणार, हे गणित फळ्यावर मांडण्यासाठी मग कोणाला दटावावे लागले नाही.

पंख चिकटविताना एका मुलाने विचारले, "सर, हा डायनासोरचा ड्रॅगन नेमका कधी झाला?" पंख लागले तेव्हा? रंग दिला तेव्हा? की आपण त्याला ड्रॅगन म्हणू लागलो तेव्हा? मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या संवादातला रथ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नाचे गोत्र लगेच कळेल. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही नव्हे. ज्या शहरात १९५० साली उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिले गेले, त्या शहरातल्या मुलाने हा प्रश्न एम-सीलने माखलेल्या बोटांनी विचारावा, याचा मला आनंद झाला. उत्तर मी दिले नाही.

या उपक्रमावर आक्षेप आहेत आणि ते घेणारी माणसे विद्यालयाची हितचिंतक आहेत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. सुरक्षिततेचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. २०२१ च्या जानेवारीपासून आपल्या देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, तरी जत्रेतल्या ढिगात ते अभावानेच दिसते. म्हणून लहान वर्गांना हे काम देऊ नये, घासताना तोंडाला रुमाल बांधावा, नंतर हात धुवावेत, कापण्याची हत्यारे शिक्षकांच्या कुलपात असावीत.

दुसरा आक्षेप फाशांचा. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्ध ज्या खेळांपासून अलिप्त राहतात त्यांची यादी आहे. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट आणि फासेही तीत आहेत. एका ज्येष्ठ पालकांनी ती मला दाखविली. त्यांचा अभ्यास खरा आहे. मात्र त्याच यादीतला विटीदांडूसारखा खेळ, खेळण्यातला नांगर, भिरभिरे, लहानसा रथ, लहानसे धनुष्य ही खेळणी मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तातही येतात, आणि तेथे त्यांच्यावर कोणताही ठपका नाही. मूल वाढते, इंद्रिये पक्व होऊ लागतात, तेव्हा ते या खेळण्यांनी खेळते, इतकेच शांतपणे सांगितलेले आहे. भिक्खूने टाकावयाची वस्तू आणि मुलाने हाती घ्यावयाची वस्तू एकच असू शकते. पैसा लावून खेळणे हा जुगार आहे आणि त्याला आपल्या आवारात थारा नाही. चिंचोक्यांनी ठरणारी गोष्ट जुगार नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आपल्या मुलांना एवढा वेळ आहे काय? ज्यांचे आईबाप सहा महिने ऊसतोडीला जातात, ज्यांच्या घरातला शिकणारा हा पहिलाच जीव आहे, त्याने तासभर पालीला पंख लावावेत? मला वाटते, हा प्रश्न विचारताना आपण नकळत एक वाटणी मान्य करतो: कल्पनेची चैन ज्यांच्याकडे आधीच सर्व काही आहे त्यांच्यासाठी, आणि आपल्यासाठी पाठांतर, गुण, भरती. ही वाटणी मला मान्य नाही. बाबासाहेबांनी ग्रंथांच्या अफाट पसाऱ्यात आणि राज्यघटनेच्या कामाच्या पुढे-मागे व्हायोलिन शिकण्यासाठी वेळ काढला, हे आपण जयंतीच्या भाषणात कौतुकाने सांगतो. ते मुलांच्या वेळापत्रकात उतरत नाही. आयआयटीतून शिकून आलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांपासून भूमिती शिकविली, पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. पुठ्ठा अजून करकरीत आहे.

ही मुले त्या एका तासात काय करतात, त्याचा एक दाखला देतो. युरोपातल्या कथांत ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसलेला असतो. आमच्या टेबलावर ते कोणास पटेना. "सोनं काय खाणार आहे का तो?" असे एकाने विचारले. त्या दिवशी सूत्रधार असलेल्या आठवीतल्या मुलीने मग ठरविले की तो तळ्यावर बसतो. निळ्या जिलेटिन कागदाचे तळे झाले, काठाला खडे लागले, मोहरीच्या खवल्यांचा ड्रॅगन मध्यावर ठेवला गेला. गावाला पाणी तेवढेच. तो गुरांना पिऊ देतो, पाखरांना पिऊ देतो, माणसांना देत नाही.

पहिले दोन गडी तलवार घेऊन गेले. चिंचोके वाईट पडले आणि दोन्ही सोंगट्या आडव्या झाल्या. तिसऱ्याने रात्री चोरून घागर भरण्याचे ठरविले. तोही पकडला गेला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यातला सहसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "आपण समदे मिळून दिवसाढवळ्या जाऊ अन् ओंजळीनं पिऊ. तो एकाला धरील, समद्यांना कसा धरील?" मुलीने त्याला विचारले, किती जण? त्याने बाटल्यांच्या झाकणांची पेटी पुढे ओढली आणि एकेक झाकण तळ्याच्या काठी मांडू लागला. १९२७ च्या मार्चमधले महाड या मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यावर त्यांनी पाच गुणांची उत्तरेही लिहिलेली आहेत. टेबलाशी त्याचे नाव कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही. झाकणे मांडून होईपर्यंत प्रार्थनेची घंटा झाली, तरी कोणी उठले नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे ती अशी. परदेशातून कोणी येत असल्यास तयार ड्रॅगनचा संच आणू नये. तो काचेच्या कपाटात जाईल, पाहुण्यांना दाखविला जाईल आणि त्याच्या पंखाला हात लावण्याची मुलांना भीती वाटेल. आपल्या घरी पोटमाळ्यावर मोडकी खेळणी पडलेली असतात. पाय तुटलेला सिंह, चाके गेलेली मोटार, केस उपटलेली बाहुली, सेल काढून टाकलेले कसलेही यंत्र. ती धुऊन पाठवावीत. मोडक्या छत्र्या पाठवाव्यात. ज्यांना पैसेच द्यावयाचे असतील त्यांनी बारीक करवत, गिरमिट, चिमटे, ब्रश आणि एम-सील यांसाठी द्यावेत. वाळूजच्या कारखान्यांत काम करणारे आपले अनेक बांधव आहेत. साचा कसा उघडतो, प्लॅस्टिक आत कसे भरते, सांध्याची रेघ कोठे राहते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यांनी वर्षातून एक रविवार येऊन मुलांना ते समजावून द्यावे. मुलांना आता प्लास्टरचा दोन अर्धुकांचा साचा करावयाचा आहे, कारण तळ्याच्या काठी उभी करण्यासाठी माणसे कमी पडत आहेत आणि झाकणे त्यांना पुरेशी वाटत नाहीत.